पाणी मुरतंय कुठं?

बँकेत ३१ वर्षं काढली. मी लागलो तेव्हा खतावण्या हाताने लिहायच्या असत आणि दिवसअखेरीला नव्वद पैशांचा फरक आला तरी शाखेला कुलूप लागत नसे. रात्री नऊपर्यंत बसायचं, बावीस रुपयांचा चहा प्यायचा आणि ते नव्वद पैसे शोधायचे. आमच्या हेडकॅशियरांचं एक सूत्र होतं: फरकाला नवाने पूर्ण भाग जात असेल तर कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केली असणार, ४५ चे ५४ लिहिले असणार. सूत्र बहुतेक वेळा लागू पडायचं. अगदीच नाही पडलं तर ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकायची आणि घरी जायचं. पण ज्याच्या टेबलावरून रक्कम सस्पेन्सला गेली त्याला त्या रात्री झोप लागत नसे.

अशा माणसाच्या गाडीतलं कूलंट रोज थोडं थोडं कमी होऊ लागलं, आणि खाली जमिनीवर एक थेंब सापडेना, तर त्या माणसाचं काय होईल ते तुम्हीच ठरवा.

गाडी २००३ सालची, पेट्रोलवरची. कंपनीचं नाव सांगत नाही. बावीस वर्षांची वस्तू गळाली म्हणून कंपनीला बोल लावायचा, तर माझ्या गुडघ्यांबद्दल मी कुणाकडे तक्रार करायची? पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत नेऊन तिचं पुन्हा पासिंग करून घेतलं, पुढे पाच वर्षांनी आणखी एकदा. मुलगा म्हणतो, बाबा, आता काढून टाका. सून काही म्हणत नाही, पण आमच्याबरोबर कुठे जायचं असलं की तिला नेमकं ऑफिसचं काम निघतं.

जूनच्या अखेरीला आईला घेऊन कऱ्हाडला निघालो होतो, तिच्या माहेरी. खंबाटकी घाट अर्धा चढलो आणि तापमानाचा काटा, जो इतकी वर्षं मध्यावर बसून नुसती पेन्शन खात होता, तो उठून चालू लागला. गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडलं. आमच्या लहानपणी घाटात बॉनेट वासून उभं राहणं ही रोजची गोष्ट होती. घाट म्हणजे गाड्यांचा पाणवठाच. क्लीनर डबडं घेऊन झऱ्याकडे पळतोय, ड्रायव्हर विडी ओढतोय, उतारू करवंदं खातायत. आता मात्र शेजारून जाणारे असे बघतात, जणू भर रस्त्यात कुणी आंघोळीला बसलंय.

गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, एवढं मला कळतं. ते झाकण म्हणजे कुकरच्या शिट्टीची सख्खी बहीण. ते आत साधारण ०.९ बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं, आणि निम्मं कूलंट मिसळलेलं असेल तर त्याहून वर. घाईने झाकण फिरवलं की दाब एकदम उतरतो आणि आतलं पाणी त्याच क्षणी उसळून तोंडावर येतं. वरणाचा कुकर ज्यांनी घाईत उघडलाय त्यांना छतापर्यंतचा तपशील माहीत आहे. तेव्हा तासभर थांबलो. बाजूची प्लास्टिकची बाटली मात्र बाहेरूनच दिसत होती. कोरडी ठणठणीत.

वेळ जावा म्हणून आईला बर्टा बेंझची गोष्ट सांगितली. मोटारीतला पहिला लांबचा प्रवास तिने केला. १८८८ च्या ऑगस्टमध्ये, नवऱ्याला न सांगता, दोन मुलगे बरोबर घेऊन ही बाई मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाली, म्हणजे माहेरीच. शंभरएक किलोमीटर. त्या गाडीला आपल्यासारखा रेडिएटर नव्हता. पाणी इंजिनभोवती उकळून वाफ होऊन उडून जायचं आणि बाईला वाटेत मिळेल तिथे थांबून पुन्हा भरावं लागायचं.

"पोचली का?" आईने विचारलं.

"पोचली."

"मग आपण पण पोचू." आणि जरा थांबून म्हणाली, "गाडीत काकवीचा वास येतोय रे."

"आई, कऱ्हाडचा रस्ता धरला की तुला काकवीचाच वास येतो," मी म्हणालो. हे वाक्य ध्यानात ठेवा. मला ते पुढे दोन महिने पुरलं.

पाण्याच्या दोन बाटल्या ओतून पोचलो, परतही आलो. पुण्यात आल्यावर रीतसर कूलंट भरलं. त्या डब्यावर लिहिलं होतं की निम्मं पाणी, निम्मं कूलंट मिसळलं तर हे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. सिंहगड रोडला राहणाऱ्या माणसाला याचा केवढा दिलासा! खरं तर आपल्याकडे कूलंट घालायचं ते न गोठण्यासाठी नव्हे, आतून गंज धरू नये आणि उकळबिंदू वर जावा म्हणून. पण डबा तिकडच्यांसाठी लिहिलेला असतो.

मग शोध सुरू झाला. फ्रीजचं जुनं खोकं उलगडून गाडीखाली पसरलं. सकाळी बघितलं तर त्यावर ऑइलचा एक डाग, मांजराची चार पावलं आणि एक स्वच्छ पाण्याचं थारोळं. थारोळं बघून मी हर्षभरित झालो. पण ते एसीचं पाणी निघालं. ज्याची गाडी गळत नसते त्याला हे थारोळं घाबरवतं आणि ज्याची गळत असते त्याला फसवतं. कूलंट हिरवं, बोटाला बुळबुळीत लागणारं, वासाला गोडसर. चवीलाही गोड असतं म्हणतात, पण चाखून बघायचं नाही. ते विष आहे, आणि गोड असल्यामुळेच कुत्र्यामांजरांचा त्याने घात होतो. सोसायटीच्या मांजरीला मी त्या दिवसापासून गाडीखालून हाकलू लागलो. तिला वाटलं माझं डोकं फिरलंय. तसं तेव्हा बऱ्याच जणांना वाटत होतं.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कार्यकारी अभियंता राहतात. मी तीन दिवस रोज सकाळी लुंगीवर बॉनेटमध्ये डोकं घालून उभा असतो हे त्यांनी गॅलरीतून पाहिलं आणि चौथ्या दिवशी चष्मा घेऊन खाली उतरले. बाटलीवरच्या दोन रेघा न्याहाळून म्हणाले, "वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत तुमचा उपयुक्त साठा. त्याखाली मृत साठा. मृत साठ्याला हात लागला की टंचाई जाहीर करायची."

त्यांनी मार्करने बाटलीवर खुणा केल्या. सकाळी सातला, खडकवासल्याच्या विसर्गाचे आकडे यायच्या सुमारास, आमचेही आकडे घेतले जाऊ लागले. आठ दिवसांनी निष्कर्ष आला: दिवसाला सरासरी ४० मिलिलिटर.

"हा वहनव्यय," ते म्हणाले. "कालव्यात असतोच. बाष्पीभवन, पाझर आणि..." इथे आवाज खाली आला, "चोरी."

"माझं कूलंट कोण चोरणार?"

"अनधिकृत उपसा म्हणा हवं तर."

त्या पावसाळ्यात मी एवढे तज्ज्ञ गाठले की मुलाच्या लग्नाच्या वेळी एवढी स्थळं पाहिली नव्हती. पहिलं सर्व्हिस सेंटर. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने टॅबवर बोट फिरवत सांगितलं, "सर, सगळी कूलिंग सिस्टीमच चेंज करून टाका. रेडिएटर, पंप, पाइप, थर्मोस्टॅट. म्हणजे टेन्शनच नाही." आकडा होता २३,४००. गळतं कुठे, असं मी विचारलं, तर म्हणाला, "सर, सगळंच बदलल्यावर ते बघायची गरज नाही." तत्त्व म्हणून हे बिनतोड आहे. फरक सापडत नसेल तर बँकच नवी बांधा.

दुसरा नाना पेठेतला रेडिएटरवाला. हा माणूस मला आवडला. त्याने रेडिएटर उतरवला, दोन्ही तोंडं बंद केली, आत हवा भरली आणि पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा हौदात बुडवला. आम्ही दोघं हौदाच्या काठावर उकिडवे बसलो. पाणी काळं, वरून पावसाचे थेंब पडतायत, आणि आम्ही बुडबुड्याची वाट बघतोय. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मासे पकडणाऱ्यांना काय सुख मिळत असेल ते मला त्या दिवशी समजलं. एकही बुडबुडा आला नाही. त्याचा चेहरा पडला. "आत्ता नाही साहेब," तो म्हणाला, "पण होणार. वर्षभरात नक्की होणार." सहाशे रुपये घेतले आणि शेवटी माझी समजूत काढल्यासारखं म्हणाला, "तुम्ही इंजिन दाखवा."

इंजिन दाखवलं. आमचे मिस्त्री जुने, बोलणं कमी, हाताला गुण. त्यांनी ऑइलचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून माझ्यासमोर धरलं. आतून पिवळसर साय धरली होती.

"मलई," ते म्हणाले.

गॅरेजमध्ये हा शब्द निघाला की मालकाने खाली बसून घ्यावं. मलई म्हणजे ऑइलमध्ये पाणी, आणि ऑइलमध्ये पाणी म्हणजे हेड गॅस्केट गेलं. हेड उतरवायचं, फेसिंग मारून आणायचं, नवं गॅस्केट घालायचं. बारा हजार, आत काही निघालं तर वेगळं. आणि त्यांचा तर्क असा की तोंडात बोट घालावं: गॅस्केट फाटलं की पाणी सिलिंडरमध्ये जातं, तिथे जळतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर होऊन निघून जातं. म्हणून जमिनीवर थेंब नाही! सगळा ताळेबंद जुळला. फक्त पांढरा धूर तेवढा दिसेना. मी गाडी चालू करून मागे जाऊन उभा राहायचो, धूर हुंगायचो. ते बघून वॉचमनने एकदा मला हाताला धरून बाजूला घेतलं आणि खुर्चीवर बसवून पाणी दिलं.

मलईचा उलगडा मला मागाहून झाला. आमची गाडी पावसाळ्यात भाजी आणायला दीड किलोमीटर जाते आणि परत येते. इंजिन नीट तापतच नाही, मग आतला दमटपणा झाकणाखाली धरून बसतो आणि ऑइलमध्ये घुसळला जाऊन तीच साय तयार होते. दूध नाही, पाणी नाही, नुसता पावसाळा. पण ज्याचं दुकान हेडचं, त्याला हेडच दिसणार. ज्याचं रेडिएटरचं, त्याला रेडिएटर. आणि माझं ऐकाल तर, ज्याची नोकरी कालव्यावर गेली त्याला चोरी.

या सगळ्या काळात आई डावीकडच्या सीटवर बसून अधूनमधून काहीतरी सांगत होती. एकदा म्हणाली, पायाखालचं ओलं लागतंय. मी म्हटलं, ओली छत्री पायाशी ठेवतेस, ओलं लागणारच. एकदा म्हणाली, चप्पल चिकटते. मी म्हटलं, उन्हाळ्यात उसाचा रस सांडला होता. काचेवर आतून वाफ धरायची, आणि फडक्याने पुसली की तेलकट पट्टा उमटायचा. मी म्हटलं, पावसात काच धरतेच आणि तेल तुझ्या डोक्याचं. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं. बँकेत असलं की ही सवय लागते.

हेड उतरवायला सोमवार ठरला. त्याआधी मिस्त्रींनी एक चाचणी केली. रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवला आणि दाब भरला. पंपावरच्या घड्याळाचा काटा ०.९ वरून हळूहळू खाली यायला लागला, दहा मिनिटांत ०.७. म्हणजे गळती नक्की. मी, मिस्त्री आणि त्यांचा पोरगा, तिघं टॉर्च घेऊन गाडीखाली आडवे झालो. थेंब नाही. मिस्त्री उताणेच पडून म्हणाले, "बघा. बाहेर नाही म्हणजे आत." हेच वाक्य शब्दशः खरं होतं. फक्त 'आत' म्हणजे कशाच्या आत, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

दरम्यान कऱ्हाडहून मामाचा फोन आला. मामाने सत्तरच्या दशकात ट्रक चालवलेत. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दोन चमचे हळद टाक रेडिएटरमध्ये." हा उपाय ट्रकवाल्यांमध्ये चांगला जुना आहे. हळद पाण्यात फुगते, बारीक भोकाशी जाऊन बसते आणि बुजवते. अडचण एवढीच की ती नको त्या बारीक नळ्याही बुजवू शकते, तेव्हा कुणाला सल्ला म्हणून हे सांगणार नाही. पण बारा हजारांच्या तोंडाशी उभा असलेला माणूस काय करेल? गाडी थंड असताना मी झाकण काढलं. आईने डबा दिला, पण बजावून: "सांगलीची आहे, सपाट चमचे घाल." तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "ग्राउटिंग करताय का? उत्तम! धरणाला आम्ही सिमेंटचं करायचो."

हिरवं कूलंट कढीसारखं दिसू लागलं. पातळी रोज ४० मिलिलिटरने उतरतच राहिली. मी मनातल्या मनात ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकली आणि सोमवारची वाट बघू लागलो.

रविवारी आईला सारसबागेच्या गणपतीला घेऊन गेलो. गाडी लावायला जागा मिळाली, हा पहिला चमत्कार. आईची सवय अशी की गाडीत बसलं की चप्पल काढून पाय खाली टेकवून बसायचं. उतरताना चप्पल घातली, चप्पलस्टँडवर पुन्हा काढली आणि फरशीवरून चार पावलं पुढे गेली. मागून येणाऱ्या एका बाईंनी मला थांबवलं. "अहो, आजींच्या पायांना काय झालंय?"

फरशीवर आईची पावलं उमटली होती. पिवळीधमक. डावं, उजवं, डावं, उजवं, ओळीने देवळाकडे. गौरी यायला अजून पंधरा दिवस होते.

आईने तळपाय वर करून पाहिला आणि भर गर्दीत विचारलं, "माझ्या पायाला हळद कुणी लावली रे? या वयात?"

बाप्पाला मी त्या दिवशी लांबूनच हात जोडले असतील, नक्की आठवत नाही. गाडीकडे धावलो एवढं आठवतं. डावीकडची रबरी मॅट उचलली, तिच्याखालचा गालिचा उचलला. त्याखाली वाकळीसारखा जाड नमदा असतो, आवाज दाबायला घातलेला. त्यावर पंजा दाबला, तसं बोटांमधून पिवळं पाणी वर आलं. गाडीभर काकवीचा वास.

घरी आणून तो नमदा बादलीत पिळला. वर कार्यकारी अभियंता गॅलरीत उभे होते. "किती?" त्यांनी विचारलं. "लिटरभर तरी निघालं," मी ओरडलो. "पाझर," ते समाधानाने म्हणाले. चोरीबद्दल एक शब्द काढला नाही.

आपल्याकडे 'पाणी कुठंतरी मुरतंय' म्हणतात ते संशयाने. माझं पाणी दोन महिने खरोखरच मुरत होतं, आणि तेही आईच्या पायाखाली. डॅशबोर्डच्या मागे एक छोटा रेडिएटर असतो, हीटरचा. इंजिनमधलं गरम पाणी दोन पाइपांतून तिथे येतं आणि परत जातं. हीटरचा खटका तुम्ही कधी हलवला नाहीत, तरी आमच्या गाडीत ते पाणी तिथून फिरतच राहतं. थंडीत पारा १२ वर आला की पुणेकर स्वेटर घालतो, कानटोपी घालतो, काच वर करतो, हवेला नावं ठेवतो. हीटर लावत नाही. बावीस वर्षं तो हीटर डॅशबोर्डमागे बसून गरम पाणी पीत होता, आणि एके दिवशी कंटाळून रडू लागला.

मोठ्या गॅरेजांत अशी लपलेली गळती शोधायला पाण्यात एक खास रंग घालतात आणि जांभळ्या दिव्याखाली तो कुठे चमकतो ते बघतात. हळदही त्या दिव्याखाली चमकते. मामाला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, दिवा कशाला, आक्काचे पाय होते की.

सोमवारी मिस्त्रींना नमदा दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "हीटर लावला होता कधी?"

"पुण्यात?"

ते बॉनेटमध्ये वाकले. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून आत जाणारे दोन्ही पाइप त्यांनी काढले, आणि हीटरला वगळून एका वीतभर पाइपाने, घोड्याच्या नालासारखा वळवून, इंजिनकडच्या इंजिनकडेच जोडून टाकले. दोन क्लिपा आवळल्या. आतली हळद धुऊन काढली, नवं कूलंट भरलं. कूलंट धरून हजाराच्या आत काम झालं. हेडचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. माणसाने जुन्या मिस्त्रीचा मान राखावा.

नमदा वाळायला आठ दिवस लागले. बाटलीवरची रेघ तेव्हापासून हललेली नाही. तिसऱ्या मजल्यावरून सकाळी सातला अजून विचारणा होते आणि मी 'साठा स्थिर' असं कळवतो. आई येईल त्या प्रत्येकाला सांगते की मी तर पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, काकवी. ती पुढे 'पण माझं ऐकतंय कोण' असं म्हणते, तेव्हा मी चहा टाकायला आत जातो.

तो हीटर अजून डॅशबोर्डमागेच आहे, कारण तो काढायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मनालीकडे किंवा लडाखकडे जाणाऱ्या कुणाला हवा असेल तर फुकट घेऊन जावा. डॅशबोर्ड ज्याचा त्याने खोलायचा आणि ज्याचा त्याने परत बसवायचा. बावीस वर्षांत एकदाही वापरलेला नाही. फक्त गळतो.